चोवीस तासांचं घड्याळ की बारा तासांचं? फोनपासून तुतारी एक्सप्रेसपर्यंत सगळं नीट लावून घ्यायची पद्धत

या विषयावर लोक जाम भांडतात. एक पार्टी म्हणते १९:३० बघितलं की डोक्यात गणित करावं लागतं, कशाला हवंय, आणि दुसरी म्हणते एएम-पीएमच्या भानगडीत अलार्म चुकला, त्यापेक्षा चोवीस बरं. माझं मत आधीच सांगून टाकतो म्हणजे पुढचं वाचायचं की नाही ते तुम्हाला ठरवता येईल. बघायचं, लिहायचं आणि बुकिंग करायचं ते चोवीसमध्ये, आणि बोलायचं ते आपण पिढ्यानपिढ्या बोलतोय तसंच, बारामध्ये, फक्त पुढे सकाळी-दुपारी-रात्री लावून. साडेअठराला भेटू असं कोणी म्हणत नाही आणि म्हणूही नये.

दुसरं म्हणजे खरा घोळ दुपारच्या तीनला १५ म्हणण्यात नसतोच, तो दोन दिवसांत अंगवळणी पडतो. घोळ असतो रात्रीच्या बाराचा आणि त्या क्षणी बदलणाऱ्या तारखेचा. गाड्या चुकतात, विमानं चुकतात, फॉर्मची मुदत हुकते ती सगळी तिथेच. म्हणून खाली सेटिंग्जचं भराभर उरकलंय आणि मध्यरात्रीवर जास्त वेळ घालवलाय.

आधी ठरवा, तुम्हाला हवंय का

ऑफिस दहा ते सहा, प्रवास कमी, भिंतीवर काट्यांचं घड्याळ, फोनमध्ये बारा तासांचं, आणि आजवर काही अडलं नाही, तर खुशाल तसंच राहू द्या. पण खालचं काही लागू होत असेल तर बदलाच: शिफ्ट ड्युटी असणारे, विशेषतः नाइट शिफ्टवाले. लांब पल्ल्याच्या गाड्यांनी जाणारे, कारण रेल्वेचं तिकीट आणि वेळापत्रक चोवीसमध्येच असतं. परदेशात पोरं-सुना-जावई असणारे. हजेरी, टॅक्सीच्या फेऱ्या, पाण्याच्या टँकरच्या वेळा असं काहीबाही एक्सेलमध्ये ठेवणारे. आणि पहाटे चारचा अलार्म लावून ट्रेकला किंवा अभ्यासाला उठणारे, कारण पहाटे ४ ऐवजी दुपारी ४ चा अलार्म लागणं हा प्रकार प्रत्येक ग्रुपमध्ये कोणा ना कोणाच्या बाबतीत झालेलाच असतो.

फोन, कॉम्प्युटर, घड्याळ

अँड्रॉइडवर सेटिंग्ज, मग सिस्टीम, मग डेट अँड टाइम. तिथे चोवीस तासांच्या फॉरमॅटचं बटण असतं. ते फिकट दिसत असेल आणि दाबलं जात नसेल तर त्याच्या वरचं ‘यूज लोकेल डीफॉल्ट’ आधी बंद करा, मग चालतं. सॅमसंगमध्ये हेच जनरल मॅनेजमेंटमध्ये असतं, शाओमीत अॅडिशनल सेटिंग्जमध्ये, आणि सापडलंच नाही तर सेटिंग्जच्या वरच्या सर्चमध्ये नुसतं २४ टाका, येतं समोर. आयफोनवर सेटिंग्ज, जनरल, डेट अँड टाइम, आणि तिथे ट्वेंटी फोर अवर टाइम. व्हॉट्सअॅपला वेगळं काही करायचं नाही, ते फोनचंच घेतं, फार तर एकदा बंद करून उघडा.

गूगल कॅलेंडर मात्र हट्टी आहे, कॉम्प्युटरवर उघडलं तर त्याची स्वतःची सेटिंग असते, लँग्वेज अँड रीजनमध्ये टाइम फॉरमॅट म्हणून, ती वेगळी बदलावी लागते. विंडोज अकरामध्ये सेटिंग्ज, टाइम अँड लँग्वेज, लँग्वेज अँड रीजन, तिथे रीजनल फॉरमॅट उघडून चेंज फॉरमॅट्स, आणि शॉर्ट टाइममध्ये ज्याच्या मागे एएम-पीएम नाही तो नमुना निवडायचा, म्हणजे खाली कोपऱ्यातलं घड्याळ बदलतं. अपडेट आलं की हे मेनू जागा बदलतात, तेव्हा नावं थोडी इकडेतिकडे असतील तर गोंधळून जाऊ नका.

हातात कॅसिओचं ते जुनं काळं एफ-९१डब्ल्यू असेल तर उजवीकडचं बटण एकदा दाबा, बारावरून चोवीसवर जातं, परत दाबलं की परत. (तेच बटण तीनेक सेकंद दाबून धरलं की पडद्यावर कॅसिओ असं येतं, लोक त्यावरून माल ओरिजिनल आहे का बघतात.) गाडीचा स्टिरिओ आणि मायक्रोवेव्ह राहिले तर राहू द्या.

एक सूचना. अँड्रॉइडमध्ये चोवीसवर गेल्यावर अलार्म लावताना गोल डायलवर आत-बाहेर दोन वर्तुळं येतात आणि बोट भलत्याच आकड्यावर पडतं. तिथे कोपऱ्यात कीबोर्डचं चिन्ह असतं ते दाबून सरळ ०४३० टाइप करा.

सवय कशी लावायची

प्रत्येक वेळी बारा वजा करत बसू नका, त्यानेच लोक कंटाळतात आणि चार दिवसांत परत बारावर येतात. त्यापेक्षा दिवसातल्या चार-पाच ठरलेल्या गोष्टींना आकडा चिकटवा. १३ म्हणजे जेवणाची सुट्टी. १६ म्हणजे दुपारचा चहा. १९ म्हणजे सह्याद्रीच्या सातच्या बातम्या, दिवेलागणीची वेळ. २२ म्हणजे अंथरूण. २० तर वेगळं पाठ करायलाच नको, ८ नोव्हेंबर २०१६ ला पंतप्रधान रात्री आठला टीव्हीवर आले आणि पाचशे-हजारच्या नोटा गेल्या, तेव्हापासून रात्रीचे आठ म्हटलं की अख्ख्या देशाला दचकायला होतं. मधले आकडे आपोआप बसतात, १९ कळलं की १८ आणि २१ ला वेगळा विचार लागत नाही.

घाई असेल तर एक शॉर्टकट: १३ ते १९ मध्ये शेवटच्या आकड्यातून दोन वजा करा, १५ चे तीन, १७ चे पाच, १९ चे सात. वीसच्या पुढे हा शॉर्टकट सरळ चालत नाही, पण तिथे चारच आकडे आहेत, २० आठ, २१ नऊ, २२ दहा, २३ अकरा, तेवढे पाठच करा. सुरुवातीला तोंडाने मोठ्याने म्हणायची गरज नाही आणि घरात कोणाला सांगायचीही नाही, निष्कारण चेष्टा होते.

आता मध्यरात्र, नीट वाचा

बारा तासांच्या घड्याळात १२ एएम म्हणजे मध्यरात्र आणि १२ पीएम म्हणजे भर दुपार. हे तर्काला धरून नाही, अकरा एएमनंतर बारा एएम यावं असंच कोणालाही वाटेल, पण येतं बारा पीएम. त्यामुळे १२:२० एएम म्हणजे जेवणानंतरची वेळ समजणारे शिकलेसवरलेले लोक भरपूर आहेत आणि त्यांना हसण्यासारखं काही नाही. चोवीसमध्ये हा प्रश्नच उरत नाही, दुपारचे बारा म्हणजे १२:०० आणि मध्यरात्र म्हणजे ००:००.

गंमत म्हणजे चोवीस तासांच्या घड्याळाचा एक मोठा पुरस्कर्ता अशाच घोळातून तयार झाला. सँडफर्ड फ्लेमिंग, कॅनडातले रेल्वे इंजिनिअर, १८७६ मध्ये आयर्लंडमध्ये एका स्टेशनावर संध्याकाळची गाडी पकडायला वेळेत पोचले, आणि कळलं की वेळापत्रकात एएमच्या जागी पीएम छापलंय, गाडी पहाटेची होती. रात्र तिथेच काढावी लागली. पुढे ते चोवीस तासांच्या घड्याळाच्या आणि जगभरच्या टाइम झोनच्या मागे हात धुऊन लागले.

पण ००:०० ने निम्मंच काम होतं. तास कळला, तारीख कोणती? इथे दादरहून सावंतवाडीला जाणारी तुतारी एक्सप्रेस घ्या, कारण कोकणातल्या चाकरमान्यांना यापेक्षा चांगलं उदाहरण मिळणार नाही. गाडी दादरहून ००:०५ ला सुटते. (वेळ बदलू शकते, तिकिटावरची बघा.) समजा तिकिटावर १५ तारीख आहे. म्हणजे १४ तारखेला रात्री जेवून घरातून निघायचं, साडेअकराला दादर गाठायचं, आणि प्लॅटफॉर्मवर उभं असताना घड्याळात तारीख बदलते आणि पाच मिनिटांनी गाडी सुटते. जो माणूस १५ तारखेला रात्री बॅगा घेऊन जातो त्याची गाडी चोवीस तास आधीच गेलेली असते, आणि दर गणपतीला अशी दोन-चार कुटुंबं टीसीशी हुज्जत घालताना दिसतात. तिकीट बरोबर, वेळ बरोबर, गाडीही वेळेवर सुटलेली, त्यात टीसी काय करणार.

म्हणून ००:०० ते ०३:५९ मधलं कुठलंही तिकीट हातात आलं की लगेच हे करा. तिकिटावरच्या तारखेच्या आदल्या दिवसाचा वार बघा. कॅलेंडरमध्ये त्या आदल्या दिवशी एंट्री करा, आणि ती गाडीच्या वेळेची नाही, घरातून निघायच्या वेळेची करा, उदाहरणार्थ १४ तारीख २२:००, ‘घरून निघणे, तुतारी’. ऑफिसात रजा टाकताना १५ पासून टाका, १४ ला पूर्ण दिवस काम होतं. मग घरच्यांना तोंडी सांगताना ‘पंधराची गाडी’ हा शब्द वापरूच नका, ‘शुक्रवारी रात्री जेवून निघायचंय’ असं सांगा. वाराला दोन अर्थ निघत नाहीत, निदान रात्री जेवून म्हटल्यावर तरी नाही.

तत्काळ काढायचं असेल तर अजून एक पेच आहे. तत्काळ बुकिंग गाडी पहिल्या स्टेशनावरून ज्या तारखेला सुटते त्याच्या आदल्या दिवशी उघडतं, एसीचं सकाळी १० ला आणि स्लीपरचं ११ ला. तुतारी १५ ला ००:०५ ची, म्हणजे तत्काळ १४ ला सकाळी, आणि त्याच रात्री निघायचं. आता कोकणकन्या बघा. ती सीएसएमटीहून रात्री ११ नंतर सुटते, म्हणजे १४ तारखेलाच, पण पनवेलला येईपर्यंत बारा वाजून गेलेले असतात. तुम्ही पनवेलहून चढणार असाल तर तुमच्या प्रवासाची तारीख १५, आणि तत्काळ मात्र १३ ला सकाळी उघडणार, कारण गाडी मुळात १४ ला सुटली. सीएसएमटीहून चढणाऱ्या तुमच्या भावाच्या तिकिटावर १४ असेल आणि तुमच्या तिकिटावर १५, आणि दोघं एकाच गाडीत, एकाच रात्री. सर्च करताना पनवेल टाकून १४ तारीख दिलीत तर जी गाडी दिसेल ती आदल्या रात्रीची असते. हे एकदा कागदावर मांडून बघा, नुसतं वाचून डोक्यात राहत नाही.

विमानाचंही तसंच, उलट जास्तच, कारण मुंबईहून युरोप-अमेरिकेकडे जाणारी बरीच विमानं मध्यरात्रीनंतर उडतात. तिकिटावर २० तारीख ०१:३० असेल तर तीन तास आधी म्हणजे १९ तारखेला २२:३० ला टर्मिनलवर, आणि पुणे-नाशिकहून येणार असाल तर १९ च्या दुपारनंतरच घर सोडायचं. टॅक्सी बुक करताना ड्रायव्हरला विमानाची तारीख सांगूच नका, गाडी दारात लागायची तारीख आणि वेळ सांगा. उतरायच्या वेळेपुढे छोट्या अक्षरात +१ असेल तर पोचणं दुसऱ्या तारखेला, तिकडच्या हॉटेलचं बुकिंग त्या हिशोबाने.

मुदती, नोटिसा, मेसेज

‘अर्ज ३१ तारखेच्या रात्री १२ पर्यंत’ असं लिहिणाऱ्याला काय म्हणायचंय ते तोच जाणे. ३० आणि ३१ मधले बारा की ३१ आणि १ मधले? तुम्ही नोटीस लिहिणारे असाल तर २३:५९ लिहा, विषय संपला. वाचणारे असाल आणि विचारायला कोणी नसेल, तर आधीचं धरा आणि एक दिवस आधी भरून मोकळे व्हा. सोसायटीच्या ग्रुपवर ‘रात्री १२ ते ४ पाणी बंद’ आलं की नेमक्या कुठल्या रात्री यावर पन्नास मेसेज पडतात, तिथे सेक्रेटरीने ‘शनिवार रात्र उलटून रविवारी ००:०० ते ०४:००’ असं लिहिलं तर ग्रुप शांत राहील.

मेसेजमध्ये माझी पद्धत अशी, दोन्ही लिहायचं: ‘शुक्रवार १४ ला रात्री ११:३० ला दादर, गाडी ००:०५ (तारीख १५)’. दोनच शब्द जास्त पडतात. आणि लग्नपत्रिका सोडा तशीच, ‘दुपारी १२ वाजून ३४ मिनिटांनी’ यात कोणाचा गोंधळ होत नाही, कारण ‘दुपारी’ आधीच आलेलं असतं. तिथे १२:३४ वाजता असं कोरडं छापायला गेलात तर आत्या आयुष्यभर ऐकवेल.

जन्मवेळ आणि पंचांग

हे खास आपल्याकडचं. बाळ रात्री बारा वाजून वीस मिनिटांनी झालं, दाखल्यावर नवी तारीख पडली, आणि कोणीतरी घरी सांगताना जुनी तारीख सांगितली कारण त्यांच्या डोक्यात अजून तीच रात्र चाललेली. मग पत्रिका करायला बसलं की सॉफ्टवेअर विचारतं एएम का पीएम, तिथे १२:२० पीएम दाबलं गेलं की बाळ दुपारचं झालं. लग्नरास साधारण दोन तासांनी बदलते, म्हणजे बारा तासांच्या चुकीने पत्रिकाच दुसऱ्याची होते. तुमचा पत्रिकेवर विश्वास असो नसो, गुरुजींना वेळ देताना ‘००:२०, दाखल्यावरची तारीख अमुक’ असं लिहून द्या, म्हणजे पुढे स्थळं बघताना तोच वाद नको. नोंदच बघायची तर दवाखान्याच्या डिस्चार्ज कार्डावर बहुतेक वेळ लिहिलेली असते, तो कागद जपून ठेवा.

पंचांगात अजून एक चमत्कारिक आकडा दिसतो, २५:४० किंवा २६:१०. छपाईची चूक नाही ती. पंचांगाचा वार सूर्योदयापासून पुढच्या सूर्योदयापर्यंत चालतो, म्हणून काही ठिकाणी मध्यरात्रीनंतरचे तास पुढे मोजत नेतात. २६:१० मधून २४ काढा, २:१०, म्हणजे उत्तररात्रीचे दोन दहा, आणि कॅलेंडरची तारीख पुढची. एखादी तिथी ‘सोमवारी २६:१० पर्यंत’ असेल तर ती फोनच्या हिशोबाने मंगळवारी पहाटे संपते. ऑनलाइन पंचांगात सेटिंगमध्ये बारा, चोवीस आणि हे चोवीसच्या पुढचं असे पर्याय देतात, उपास-पारणं बघणाऱ्यांना तिसरा सोयीचा पडतो. जपानमध्येही रात्री उशिराच्या टीव्ही कार्यक्रमांची वेळ २५:०० अशी लिहितात, तेव्हा हे खूळ काही आपलं एकट्याचं नाही.

एक्सेलवाल्यांसाठी

पहिली गोष्ट, आपण मराठीत वेळ टिंब देऊन लिहितो, ९.३०, आणि एक्सेलला ते साडेनऊ न वाटता नऊ पॉइंट तीन वाटतं. शून्यही गायब होतं. टिंब नको, कोलन द्या, ९:३० किंवा ०९:३०. आकडे आणि फॉर्म्युले अर्थातच इंग्रजी कीबोर्डने टाइप करायचे.

दुसरी, नाइट शिफ्ट. आत २२:००, बाहेर ०६:००, वजाबाकी केली की सेलमध्ये नुसते ##### येतात, कारण उत्तर उणे होतं. तिथे सरळ वजाबाकीऐवजी ‘मॉड’ फंक्शन वापरा: कंसात बाहेरची वेळ वजा आतली वेळ, मग स्वल्पविराम, मग १. उत्तर ८:०० येतं, आणि दिवसपाळीलाही तोच फॉर्म्युला चालतो, वेगळा लागत नाही.

तिसरी, महिन्याचे तास. सगळ्यांची बेरीज १८४ तास यायला हवी आणि एक्सेल १६:०० दाखवतं, लोक घाबरतात. चुकलेलं काही नसतं, दर चोवीस तासांनी ते परत शून्यावर जातं एवढंच. त्या सेलच्या कस्टम फॉरमॅटमध्ये तासाचं ‘एच’ अक्षर चौकोनी कंसात टाका, पूर्ण १८४ दिसतात. पगार त्यावर निघणार असेल तर हे आधी तपासा, नंतर नाही.

परदेशातल्यांशी बोलताना

इथे चोवीसला तोड नाही. आपल्याकडे २१:०० असतील आणि न्यू जर्सीत उन्हाळा असेल तर साडेनऊ तास वजा, ११:३०, झालं. हिवाळ्यात साडेदहा वजा, १०:३०. वजा करता येत नसेल, म्हणजे आपल्याकडे ०६:०० आहेत, तर आधी २४ मिळवा: ३०:०० मधून ९:३० गेले, २०:३०, आणि तारीख कालची. दुबईला दीड तास वजा, बारा महिने तेच. लंडनला हिवाळ्यात साडेपाच, उन्हाळ्यात साडेचार. जर्मनीला हिवाळ्यात साडेचार, उन्हाळ्यात साडेतीन. अमेरिकेतली घड्याळं मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुढे जातात आणि युरोपातली मार्चच्या शेवटच्या रविवारी, त्यामुळे मधल्या दोन-तीन आठवड्यांत एक पोरगा तिकडे आणि एक इकडे असेल तर तिघांच्या कॉलचं गणित दरवर्षी बिघडतं, तेवढे दिवस फोनमधल्या वर्ल्ड क्लॉकवरच भरवसा ठेवा.

अमेरिकेतल्या मंडळींना २१:०० असं पाठवलं तर ती त्याला मिलिटरी टाइम म्हणतात आणि उलट विचारतात, जर्मनीतल्यांना मात्र तेच सवयीचं. म्हणून न्यू जर्सीला पाठवताना ‘तुमच्या सकाळी ११:३० ला’ असं त्यांच्या भाषेत लिहून टाका.

घरातल्या मोठ्यांचा फोन

तो बदलू नका. आईच्या फोनवर १७:०० दिसलं की ती फोन बिघडला म्हणून तुम्हालाच फोन करणार. त्यांच्या गोळ्यांचे अलार्म बारामध्येच लावा, पण लावून झाल्यावर एएम-पीएम स्वतः एकदा बघा आणि अलार्मच्या नावात मराठीत लिहा, ‘रात्री जेवणानंतर, बीपीची गोळी’. आणि दर सहा तासांनी द्यायचं औषध असेल तर चिठ्ठी फ्रिजवर लावताना पहाटे ६, दुपारी १२, संध्याकाळी ६, रात्री १२ असं शब्दांसकट लिहा, आणि रात्री १२ च्या डोसला कोण उठणार त्याचं नावही पुढे लिहून ठेवा.